लेकीच्या रजेची वाट न बघता: आपण दोघांनी फिलाडेल्फिया कसं बघायचं

मुलांकडे उन्हाळ्यात आलेल्या आई-बाबांचं अमेरिकेतलं वेळापत्रक जवळपास सगळीकडे सारखंच. सोमवार ते शुक्रवार घर, संध्याकाळी एक फेरी, नातवंडांचं खाणंपिणं. शनिवारी जावई गाडी काढणार, मग कुठे जायचं ते ठरणार. पण त्यांना शनिवारीच वाणसामान, धुणं, मुलांच्या मित्रांचे वाढदिवस असं सगळं उरकायचं असतं. आपणही 'राहू दे, दमला असाल' म्हणून विषय संपवतो. असे सहा महिने जातात आणि परतीच्या विमानात बसल्यावर लक्षात येतं की बघायचं राहूनच गेलं.

म्हणून मनापासून सांगते, वाट बघू नका. दोघांचे पाय चालते असतील, कामापुरतं इंग्रजी येत असेल आणि फोनवर नकाशा बघता येत असेल, तर फिलाडेल्फिया दोघांनीच करता येतं. मी त्रेसष्ट वर्षांची, हे अडुसष्टचे. जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे होतो, तिथून दोन रात्रींची पिशवी भरून गेलो आणि नीट परत आलो. आमच्यासारखंच पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला उपयोगी पडेल, तेवढंच इथे लिहिते.

फिलाडेल्फियाच का

१७७६ मध्ये अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथे मंजूर झाला, १७८७ मध्ये राज्यघटना इथेच लिहिली गेली, आणि १७९० ते १८०० ही दहा वर्षं देशाची राजधानी इथेच होती. एवढं सगळं ज्या इमारतींमध्ये घडलं त्या अजून उभ्या आहेत, आणि एकमेकींपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. गुडघ्यांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय.

मला जायचं होतं ते मात्र आणखी एका कारणासाठी. माझं माहेर कल्याणचं. आनंदीबाई जोशींचंही तेच. १८८३ च्या जूनमध्ये त्या बोटीने, नवरा सोबत नसताना, न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. लहानपणापासून ऐकलेलं हे शहर लेकीच्या घरापासून आगगाडीने दोन तासांवर आहे, हे मला तिच्याकडे तिसऱ्या खेपेला आल्यावर कळलं.

आधी वार ठरवा

गुरुवार-शुक्रवार धरा. कला संग्रहालय मंगळवारी आणि बुधवारी बंद असतं, तर शुक्रवारी रात्री पावणेनऊपर्यंत उघडं असतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर तिथे 'जमेल तेवढे पैसे द्या' अशी सोय असते. रीडिंग टर्मिनल मार्केट या जुन्या मंडईत आमिश लोकांची, म्हणजे जुन्या साध्या चालीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, दुकानं रविवारी बंद. शनिवार-रविवारी गर्दी वेगळीच. दोन रात्रींचं आरक्षण असलं की शनिवारी सकाळी निवांत निघता येतं.

चार जुलैच्या आसपास जायचं की नाही, हे दोघांनी आपापल्या तब्येतीनुसार ठरवावं. मोठा सोहळा असतो, कला संग्रहालयाच्या बाजूला आतषबाजी होते, पण रस्ते बंद असतात आणि हॉटेलं महाग. आम्ही महिन्याच्या मध्यावर गेलो.

मग इंडिपेंडन्स हॉलचं तिकीट

इंडिपेंडन्स हॉल म्हणजे जाहीरनामा आणि राज्यघटना जिथे मंजूर झाली ती इमारत. तिचं तिकीट काढणं हे सगळ्यात आधी करायचं काम. बाकी सगळं ऐनवेळी जमतं, हे जमत नाही. हॉलमध्ये ठरावीक वेळेच्या तिकिटावरच सोडतात. तिकीट फुकट असतं, पण राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी आरक्षण संकेतस्थळावर ते आधी राखून ठेवायला माणशी एक डॉलर शुल्क पडतं. उन्हाळ्यात चांगल्या वेळा लवकर संपतात, म्हणून तारीख ठरली की त्याच दिवशी लेकीला बसवून काढून घ्या.

वेळ दुपारी दोनच्या आसपासची घ्या. ज्या दिवशी एडिसनहून निघणार त्याच दिवशी सकाळची वेळ घेऊ नका. आम्ही ट्रेंटनला गाडी बदलताना चुकीच्या फलाटावर उभे राहिलो आणि समोरच्या फलाटावरून आमची गाडी निघून गेली. पाऊण तास गेला. तिकीट दोनचं होतं म्हणून निभावलं.

तपासणीच्या रांगेसाठी दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचायचं. मोठ्या बॅगा हॉटेलातच ठेवा. ह्यांच्या पानाच्या चंचीत अडकित्ता असतो, तसा काही तुमच्याकडेही असेल तर तो लेकीच्या घरीच राहू द्या. तीच गोष्ट फळं कापायच्या सुरीची.

जायचं कसं

एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शन, या सगळ्या भागातून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी ट्रेंटनपर्यंत जाते. तिथे उतरून सेप्टाची गाडी घ्यायची. फिलाडेल्फियाच्या लोकलचं नाव सेप्टा. स्टेशन तेच, तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं. न्यू जर्सी ट्रान्झिटवर ६२ वर्षांपुढच्यांना सवलत आहे, वयाचा पुरावा जवळ ठेवा. ॲमट्रॅकने, म्हणजे लांब पल्ल्याच्या गाडीने, गेलात तर गाडी बदलायला नको, वेळही वाचतो, पण भाडं बरंच जास्त.

सेप्टाची गाडी शहरात तीन ठिकाणी थांबते: थर्टीएथ स्ट्रीट, सबर्बन, जेफरसन. जुन्या वस्तीसाठी जेफरसनला उतरा. रीडिंग टर्मिनल मार्केट अगदी वरच आहे. विमानतळावरून थेट येणाऱ्यांनाही एअरपोर्ट लाइनने याच तीन स्टेशनांवर येता येतं.

हॉटेल मार्केट स्ट्रीटच्या जवळपास, आठव्यापासून पंधराव्या रस्त्यापर्यंत कुठेही बघा. खोली दुपारी तीनला मिळते, पण पिशवी सकाळीही ठेवून घेतात, फक्त विचारायचं. गाडी घेऊन जाऊ नका. पार्किंगचे पैसे आणि तो मनस्ताप, दोन्ही वाचतात.

रस्ते एकदा समजून घ्या, मग नकाशा लागत नाही

हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण हे कळल्यावर आमची भीतीच गेली.

पेनसिल्व्हेनिया वसवणारे विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये हे शहर दोन नद्यांच्या मध्ये चौकटीच्या कागदासारखं आखलं. पूर्वेला डेलावेअर नदी, पश्चिमेला स्कूलकिल. डेलावेअरपासून पश्चिमेकडे निघालात की आडवे येणारे रस्ते आकड्यांचे: फ्रंट, मग सेकंड, थर्ड, फोर्थ असे. फर्स्ट स्ट्रीट नाही, त्याच्या जागी फ्रंट. फोर्टीन्थही नाही, त्याच्या जागी ब्रॉड. तुम्ही ज्या रस्त्याने चालताय, म्हणजे पूर्व-पश्चिम जाणारे, त्यांना बरेचदा झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन.

आता पत्ता वाचा. इंडिपेंडन्स हॉल ५२० चेस्टनट. पाचशे म्हणजे पाचव्या आणि सहाव्या रस्त्याच्या मध्ये. आकडा सम म्हणजे दक्षिणेची बाजू, विषम म्हणजे उत्तरेची. अमेरिकेचा पहिला झेंडा शिवला असं ज्यांच्याबद्दल सांगतात त्या बाईंचं घर, बेट्सी रॉस हाउस, २३९ आर्च, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, उत्तरेला. बस्स. पहिल्या संध्याकाळीच ह्यांनी फोन खिशात टाकला आणि चौकात पाटी वाचून मला नेऊ लागले.

शहराच्या मधोमध सिटी हॉल. जमिनीखालून मार्केट स्ट्रीटला समांतर 'एल' नावाची गाडी धावते. फाटकावर बँकेचं टॅप होणारं कार्ड टेकवलं की आत. ज्याचं त्याचं कार्ड वेगळं असेल तर बरं. उन्हाळ्यात 'फ्लॅश' नावाची जांभळी बस सगळ्या प्रेक्षणीय ठिकाणांवरून फिरते, तिचा दिवसाचा पासही मिळतो. दुपारच्या उन्हात ती फार कामाला येते.

उन्हाची आणि पावसाची तयारी

तापमान तीस-बत्तीस अंश. मुंबईकराला हा आकडा वाचून काही वाटणार नाही, पण हवा दमट आणि दिवसभर पायी. जुलैत साडेआठला सूर्य मावळतो, त्यामुळे ऊन संपता संपत नाही. सकाळी लवकर एक फेरी, बारा ते चार इमारतींच्या आत, आणि पाचनंतर पुन्हा बाहेर, असा दिवस बांधा. दुपारी अचानक गडगडून पाऊस येतो. आम्हाला तो जुन्या गल्लीत गाठून गेला, एका दाराच्या चौकटीला चिकटून वीस मिनिटं उभे होतो.

सुती कपडे, मोजे आणि रुळलेले बूट. नवे बूट मुळीच नकोत, कारण जुन्या भागात विटांची आणि गोट्यांची फरसबंदी आहे. एक शाल किंवा स्टोल हवाच, आतला एसी चांगलाच थंड असतो. पाण्याची बाटली भरून घ्यायला जागोजागी नळ असतात. शौचालय मात्र रस्त्यावर मिळत नाही. व्हिजिटर सेंटर, मार्केट आणि संग्रहालयं हीच खात्रीची ठिकाणं, म्हणून प्रत्येक ठिकाणी निघण्यापूर्वी जाऊन यायचं.

औषधं दोघांच्या पिशव्यांत थोडी थोडी विभागून ठेवा. पासपोर्टच्या आणि विम्याच्या कागदाच्या प्रती दोघांकडे. लेकीचा नंबर फोनमध्ये आहेच, तो चिठ्ठीवरही लिहून ठेवा.

पहिला दिवस: बाजार, मग हॉल, मग घंटा

जेफरसनला उतरून पिशवी हॉटेलात टाकली की अकराच्या सुमारास रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये जा. बारानंतर बसायला जागा मिळत नाही. हा बाजार १८९३ पासून चालू आहे. एके काळी वर आगगाडीचे रूळ होते आणि खाली मंडई. आत शिरल्यावर एका बाजूला मासळी, एका बाजूला मध आणि लोणची, मध्येच पांढरी टोपी घातलेल्या आमिश मुली पिठाच्या दोऱ्या वळून प्रेट्झेल करत असतात. त्यांचे हात बघत राहावंसं वाटतं. कणकेची लांब वळी, दोन टोकं हवेत एकदा फिरवून खाली टेकवली, झाली गाठ. भाजून आल्यावर वर लोणी फिरवतात. गरम प्रेट्झेल दोघांत एक पुरतो. कुठल्याही भाजीखाऊ माणसाचं पोट इथे भरतं. शेवटी बॅसेट्सचं आइसक्रीम. १८६१ पासूनचा हा कारखाना, आणि बाजार उघडला तेव्हापासून त्यांचं दुकान इथेच आहे.

शहराची प्रसिद्ध चीजस्टेक, म्हणजे पावात भरलेलं मांस आणि चीज, ती गोमांसाची. चालत नसेल तर कोंबडीची मागता येते, शाकाहारी असाल तर मश्रूमची. ऑर्डर देताना दोनदा स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको. घरच्यासारखं जेवायचं असेल तर पेन विद्यापीठाच्या पश्चिमेला, चाळिसाव्या रस्त्याच्या आसपास भारतीय जेवण मिळतं. आणि उन्हात फिरताना लिंबाचं 'वॉटर आइस' घ्याच, आपल्या बर्फाच्या गोळ्याची मऊ बहीण.

पैशांचं एवढं लक्षात ठेवा की लिहिलेल्या किमतीवर आठ टक्के कर लागतो, कपड्यांवर मात्र नाही. बसून जेवलात तर अठरा-वीस टक्के टिप वेगळी.

मार्केटपासून पाचव्या रस्त्यापर्यंत चालत वीस मिनिटं, किंवा एलने तीन मिनिटं. आता हॉल.

गणवेशातले रेंजर, म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचे कर्मचारी, पंचवीस-तीस जणांचा घोळका करून आत नेतात. आधी न्यायालयाची खोली, मग समोरचा सभागृहाचा दालन. हिरव्या बनातीची मेजं, त्यावर पिसांच्या लेखण्या, मेणबत्त्या. खोली मनात असते त्यापेक्षा लहान आहे. पुढे जाऊन उभे राहा, कारण जे बघायचं ते समोरच्या चौथऱ्यावर आहे: जॉर्ज वॉशिंग्टन यांची खुर्ची. खोलीतल्या बहुतेक वस्तू त्या काळातल्या पण इतर ठिकाणांहून आणलेल्या, ही खुर्ची मात्र तीच. पाठीच्या वरच्या कडेला अर्धा सूर्य कोरलेला आहे, त्याला किरण आहेत आणि चक्क डोळे आहेत. १७८७ चं अधिवेशन मे महिन्याच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चाललं, म्हणजे ऐन उकाड्यात. चर्चा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. शेवटच्या दिवशी सह्या चालू असताना याच शहरातले शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी, ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन, या सूर्याकडे बोट दाखवून म्हणाले की हा उगवतोय की मावळतोय ते इतके दिवस मला कळत नव्हतं, आता कळलं, हा उगवता आहे. रेंजरने हे सांगितलं तेव्हा घोळका एकदम गप्प झाला. मी घरून वाचून गेले होते, तरी माझे डोळे भरून आले.

बाहेर पडल्यावर लगेच निघू नका. शेजारच्या पश्चिमेकडच्या भागात जाहीरनाम्याची त्या वेळची छापील प्रत आणि सह्यांसाठी वापरली गेली असं मानतात ती चांदीची दौत ठेवली आहे. त्याच बाजूला पुढे काँग्रेस हॉल, जिथे अमेरिकेची संसद दहा वर्षं भरत होती. मागच्या बागेत झाडांची सावली आणि बाकं आहेत. ८ जुलै १७७६ ला जाहीरनामा लोकांसमोर पहिल्यांदा मोठ्याने वाचला गेला तो याच आवारात. आम्ही तिथे डब्यातल्या चिवड्यासकट अर्धा तास बसलो.

लिबर्टी बेल, म्हणजे स्वातंत्र्याची घंटा, समोरच, रस्ता ओलांडून. तिकीट नाही, फक्त तपासणीची रांग. चारनंतर ती आखूड होते. घंटा सुमारे साडेनऊशे किलोची. १७५२ मध्ये लंडनहून आली आणि इथे पहिल्यांदा वाजवून बघतानाच तडकली. मग पास आणि स्टो या इथल्याच दोघा कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली, त्यांची नावं घंटेवर आहेत. आता बारकाईने बघायची गोष्ट. फोटोत दिसते ती रुंद फट म्हणजे तडा नव्हे. तडा गेल्यावर कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून कारागिरांनी तो मुद्दाम रुंद केला, ती दुरुस्ती. त्या फटीच्या वरच्या टोकापासून केसासारखी एक बारीक रेघ वर अक्षरांमधून जाते. तिनेच घंटेचा आवाज कायमचा घालवला. १८४६ मध्ये वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनी ती शेवटची वाजली. बहुतेक लोक फटीसमोर फोटो काढून निघून जातात, ती रेघ बघायची राहते. रांग फारच मोठी असेल तर बाहेरून चेस्टनट स्ट्रीटच्या बाजूच्या काचेतूनही घंटा दिसते, रात्रीसुद्धा.

'लिबर्टी बेल' हे नाव तिला दिलं ते गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी, १८३० च्या दशकात. आणि घंटेच्या इमारतीला लागूनच प्रेसिडेंट्स हाउसची जागा आहे. वॉशिंग्टन अध्यक्ष असताना इथे राहत, आणि त्यांनी गुलाम म्हणून ठेवलेली नऊ माणसंही याच घरात राहत. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सहा महिने इथे राहिला तर तो स्वातंत्र्य मागू शकेल असा पेनसिल्व्हेनियाचा कायदा होता, म्हणून सहा महिने भरण्याआधी त्या माणसांना राज्याबाहेर पाठवून परत आणलं जाई. त्यांतली ओनी जज ही तरुण मुलगी मे १७९६ मध्ये घरातले जेवायला बसलेले असताना निघून गेली आणि बोटीने न्यू हॅम्पशायरला पोहोचली. ती परत कधीच हाती लागली नाही. घराचा पाया काचेखाली दिसतो. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. शाळेत पाठ केलेली ती ओळ मला त्या पायाशी उभं राहिल्यावर खऱ्या अर्थाने समजली. घंटा बघून इथे न थांबता जाऊ नका.

संध्याकाळी पाचव्या आणि आर्चच्या कोपऱ्यावर फ्रँकलिन यांची कबर बघा. आत जायला शुल्क आहे, पण कोपऱ्यावरच्या गजांमधून ती बाहेरूनच दिसते. लोक वर एक-एक सेंटची नाणी टाकतात. तिथून नदीकडे पाच मिनिटांवर एल्फ्रेथ्स ॲली: विटांची बत्तीस घरं, खिडक्यांबाहेर फुलांच्या पेट्या, आणि आत माणसं राहतात. अठराव्या शतकापासून ही गल्ली एकदाही ओस पडलेली नाही. म्हणून हळू बोला, खिडकीतून डोकावू नका.

फ्रँकलिन यांचं स्वतःचं घर १८१२ मध्ये पाडलं गेलं. मार्केट स्ट्रीटवर तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये त्या जागी फक्त पोलादी चौकट उभी केली आहे, घराच्या आकाराची. दर्शनी इमारतींमध्ये जुन्या पद्धतीचं टपाल कार्यालय आहे, तिथे फ्रँकलिन यांच्या जुन्या सहीचा शिक्का हाताने मारतात: 'बी. फ्री फ्रँकलिन'. हे दुसऱ्या दिवशी कामकाजाच्या वेळेत करा. परदेशी टपालाचं तिकीट मागायचं, ते 'ग्लोबल फॉरेव्हर'. आम्ही कल्याणला माझ्या भावाला कार्ड टाकलं.

दमला नसाल तर सातनंतर डेलावेअरच्या काठी जा. उन्हाळ्यात तिथे झाडांना झुले बांधलेले असतात, वारा असतो, आणि १९२६ चा बेन फ्रँकलिन पूल निळा उजळतो. दहानंतर परतताना एलऐवजी टॅक्सी बोलवा.

दुसरा दिवस: सिटी हॉल, तुरुंग, कॉलेजचा रस्ता, आणि मंडप

सकाळी सिटी हॉल. बांधायला १८७१ ते १९०१ अशी तीस वर्षं लागली, उंची १६७ मीटर, आणि टोकावर विल्यम पेन यांचा अकरा मीटरचा पुतळा. पेन यांच्या हॅटपेक्षा उंच इमारत बांधायची नाही, हा अलिखित नियम शहराने १९८७ पर्यंत पाळला. मनोऱ्यात चढायची लिफ्ट अगदी लहान आहे, वेळेचं तिकीट लागतं. बंद जागेत घुसमटणाऱ्यांनी चौकातूनच बघावं, तेही पुरेसं आहे. आनंदीबाई इथे होत्या तेव्हा या इमारतीचं काम चालूच होतं, पुतळाही वर चढलेला नव्हता.

इथून पार्कवे नावाचा रुंद रस्ता कला संग्रहालयापर्यंत जातो. दोन किलोमीटर. खांबांवर देशोदेशींचे झेंडे आहेत, आपला शोधा. वाटेत लोगन चौकातलं कारंजं लागतं, उन्हाळ्यात मुलं त्यात डुंबत असतात. पेन यांचा पुतळा घडवणारे काल्डर, हे कारंजं घडवणारा त्यांचा मुलगा, आणि संग्रहालयाच्या जिन्यावर टांगलेलं हलतं शिल्प करणारा नातू, अशा तीन पिढ्या एका सरळ रेषेत दिसतात.

दुपारचं ऊन ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरीत घालवा. १८२९ ते १९७१ हा तुरुंग चालू होता. कैद्याला पूर्ण एकटं ठेवलं की तो पश्चात्ताप करून सुधारेल, या समजुतीने बांधलेला. कोठड्यांच्या रांगा मधल्या एका बिंदूपासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरल्या आहेत, प्रत्येक कोठडीला छतात एक झरोका. कानाला लावायचं यंत्र मिळतं, त्यावर माहिती ऐकत फिरायचं. भिंती जाड, तरी आत गारवा नाही. ज्यांना अशा जागी जीव घाबरतो त्यांनी जाऊ नये, मीही पाऊण तासात बाहेर आले.

तुरुंगापासून टॅक्सीने पाच मिनिटांवर नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू आहे. आनंदीबाईंचं कॉलेज एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. १८५० मध्ये स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठीच सुरू झालेली ही संस्था १९३० मध्ये शहराच्या दुसऱ्या भागात गेली आणि आता ड्रेक्सेल विद्यापीठात मिसळली आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बूली आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या आहेत तो १८८५ चा प्रसिद्ध फोटो ड्रेक्सेलच्याच संग्रहातला. कॉलेजची जुनी इमारत बघायला मिळेल या आशेने जाऊ नका. साधी वस्ती आहे, समोर गिरार्ड कॉलेजची लांबच लांब दगडी भिंत. आम्ही टॅक्सीवाल्याला दहा मिनिटं थांबवलं. भर उन्हाळ्यात ती भिंत तापलेली होती. अठरा वर्षांची मुलगी साडीत, इथल्या बर्फात, या भिंतीच्या कडेने वर्गात जात असेल. तिने पदवी घेतली, आणि वर्षभराच्या आत पुण्यात क्षयाने गेली. ह्यांनी विचारलं, फोटो काढू का तुझा? मी नको म्हटलं, रस्त्याचा काढा. कुणाला वाटेल तिथे काय बघायचं, पण कल्याण-पुण्याच्या माणसाने ही दहा मिनिटं काढावीत असं मला ठामपणे वाटतं.

चार-साडेचारला कला संग्रहालयाजवळ या. समोरच्या ७२ पायऱ्या चढून लोक 'रॉकी' या चित्रपटातल्या मुष्टियोद्ध्यासारखे हात वर करतात, त्याचा पुतळाही इथे आहे. गुडघे कुरकुरत असतील तर मागच्या पश्चिमेच्या दाराने पायऱ्यांशिवाय आत जाता येतं. पाचची वाट बघून सवलतीत शिरा आणि थेट दक्षिण आशियाच्या दालनात जा.

तिथे मदुराईच्या देवळातला सोळाव्या शतकातला दगडी मंडप उभा आहे. फिलाडेल्फियाच्या एका बाईंनी १९१२ मध्ये मदुराईच्या प्रवासात त्याचे खांब विकत घेतले आणि त्यांच्या कुटुंबाने १९१९ मध्ये ते संग्रहालयाला दिले. माणसाएवढ्या मूर्ती, वर तुळयांवर रांगेने कोरलेले प्रसंग. हे उंबऱ्याशी थांबले. बूट काढावेत की काय असं वाटलं त्यांना. मग तसेच कडेने हळू फिरले, प्रत्येक मूर्तीसमोर. आम्ही दुसरं काहीच न बघता तासभर तिथेच होतो, आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. तुम्हाला युरोपची चित्रं बघायची असतील तर पावणेनऊपर्यंत वेळ आहे.

बाहेर पडताना मात्र समोरच्या दाराने पडा. वरच्या पायरीवरून पार्कवे सरळ सिटी हॉलपर्यंत दिसतो, आणि मावळतीचा उजेड मागून पेन यांच्या पुतळ्यावर पडतो. पायऱ्यांच्या कडेला धरायला कठडा आहे. खाली उतरलात की फ्लॅशची शेवटची बस गेलेली असण्याची शक्यता आहे, म्हणून टॅक्सी वर उभे असतानाच बोलवा, आणि सकाळच्या ट्रेंटन गाडीची वेळ झोपण्यापूर्वी बघून ठेवा. ट्रेंटनला उतरल्यावर फलाटाचा नंबर पाटीवर वाचल्याशिवाय जिना चढू नका.